साऱ्यावरील आणा आणि गांवची शाळा

आमच्या पॅरिशच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवमंदिराचा, तें उभारण्यासाठीं झटलेल्या पूर्वजांचा व येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत या पुस्तिकेंत इतरत्र आलाच आहे. चर्चच्या आवारांतील शाळेविषयींही योग्य त्या हातांनीं लिहिलें गेलें आहे. परंतु आवाराच्या फाटकाबाहेर जी दुसरी एक शाळा आहे, जिला वडील मंडळी अजूनही 'बोर्डाची शाळा' म्हणतात, तिची कथा कोणीं सांगितलेली आमच्या वाचनांत नाहीं. आमच्या लोकांपैकीं कितीएकांनीं पहिलें अक्षर त्याच शाळेंत गिरविलें. म्हणून तिचें ऋण मान्य करण्याचें काम आम्हीं आपणांकडे घेतलें आहे.

या शोधास आरंभ झाला तो लग्नाच्या जुन्या दप्तरांपासून. त्यांतील नोंदी धर्मगुरूंच्या हातच्या आहेत. साक्षीदारांच्या नांवांपुढें मात्र पानेंच्या पानें नुसती क्रुसाची खूण आढळते. पुढील दप्तरांत या खुणांमधून एकएक बाळबोध सही डोकावूं लागते, प्रथम पुरुषांची व पुष्कळ काळानें स्त्रियांची. ही सही ज्यानें शिकविली तो गुरुजी कोठून आला, त्याचा पगार कोण देई, आणि क्रुसाची खूण जावयास इतका काळ कां लागला, असे प्रश्न आमच्या मनांत आले. त्यांचें उत्तर एका गांवापुरतें मिळत नाहीं. त्यासाठीं साऱ्या मुंबई इलाख्यांतील खेडोपाडींच्या शाळांचा इतिहास पाहावा लागतो.

इंग्रजी अमलापूर्वीं खेड्यांत शाळा नव्हत्या असें नव्हे. पंतोजीची शाळा होती. ती एखाद्या ओटीवर किंवा देवळाच्या ओवरींत भरे. मुलें धूळपाटीवर अक्षरें गिरवीत, पाढे म्हणत व पुढें मोडी वाचावयास शिकत. पंतोजीस धान्याच्या रूपानें वा थोड्या पैशांत मोबदला मिळे. इ. स. १८२९ च्या सुमारास सरकारनें केलेल्या गणतींत इलाख्यांतील सुमारें ४७ लाख लोकवस्तींत सुमारें १,७०० शाळा व त्यांत सुमारें ३५ हजार मुलें आढळलीं. यांतील बहुतेक सर्व शाळा पंतोजींच्याच होत्या. ज्यांच्या घरीं हिशेब व दप्तर यांचा व्यवहार असे, त्यांचींच मुलें तेथें बसत. कुणब्याच्या मुलास तेथें जाण्याचें कारणही नव्हतें व बहुधा सोयही नव्हती.

नवी तऱ्हा सुरू झाली ती गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळीं. १८२२ सालीं मुंबईंत जी संस्था निघाली व जी पुढें 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नांवानें प्रसिद्धीस आली, तिनें मराठी व गुजराती पुस्तकें छापविलीं, शिक्षक तयार केले, आणि १८२६ च्या सुमारास ते जिल्ह्याजिल्ह्यांत धाडले. १८४० सालीं या संस्थेचें काम 'बोर्ड ऑफ एज्युकेशन'कडे गेलें. जगन्नाथ शंकरशेट हे त्या बोर्डाचे सभासद होते. तथापि या शाळा मुख्यतः शहरांत व मोठ्या कसब्यांत राहिल्या. खेड्यापर्यंत जाण्याइतका पैसा बोर्डापाशीं नव्हता.

तेव्हां पुढील दशकांत असा क्रम ठरला कीं, ज्या गांवास शाळा हवी त्यानें शिक्षकाचा निम्मा पगार द्यावा व जागा पाहून द्यावी; उरलेलें सरकार देईल. यांत वरवर अन्याय दिसत नाहीं. पण वर्गणी देण्याची ऐपत कोणाची? ज्या गांवीं सावकार, व्यापारी वा कारकुनी पेशाचीं घरें होतीं, त्याच गांवाला शाळा मिळे. एखाद्या वर्षीं पीक बुडालें कीं वर्गणी थकत असे, आणि वर्गणी थकली कीं शाळेचा पायाच डळमळे. १८५४ च्या सर चार्ल्स वुड यांच्या खलित्यानें सामान्य रयतेच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारनें मान्य केली व लागलीच स्वतंत्र शिक्षणखातें निघालें. १८५९ सालीं लॉर्ड स्टॅन्ले यांच्या खलित्यानें पुढील पाऊल सुचविलें. तें असें कीं, प्राथमिक शाळांसाठीं लोकांच्या ऐच्छिक वर्गणीवर विसंबूं नये. जमिनीवर नियमित स्थानिक कर बसवावा.

मुंबई इलाख्यांत हा कर १८६३ सालीं आला. त्यालाच लोकल सेस अथवा लोकल फंडाची पट्टी म्हणत. त्याचें प्रमाण साऱ्याच्या दर रुपयास एक आणा असें होतें. जमा झालेल्या पैशाचे तीन वांटे करून दोन वांटे रस्ते व इतर लोकोपयोगी कामांसाठीं आणि एक वांटा शाळांसाठीं ठेवावयाचा. १८६९ च्या कायद्यानें या पट्टीस पक्कें स्वरूप आलें.

आमच्या तरुण वाचकांनीं आणा पाहिलेला नाहीं, म्हणून हिशेब फोडून सांगतों. रुपयाचे आणे सोळा व आण्याच्या पया बारा. म्हणजे साऱ्याच्या दर रुपयामागें शाळेच्या वांट्यास चार पया येत. जो शेतकरी वर्षास बारा रुपये सारा भरी, त्याला पट्टी बारा आणे पडे, व त्यांतील चार आणे, म्हणजे एक पावली, शाळेस जाई. ही पावली प्रत्येक खातेदाराकडून घेतली जाई. त्याचा मुलगा शाळेंत जातो कीं नाहीं, हें कोणी विचारीत नसे. त्याच्या गांवांत शाळा आहे कीं नाहीं, याचीही चौकशी नव्हती. आमची वसई त्या काळीं ठाणे जिल्ह्यांत होती (पालघर जिल्हा निराळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं). येथील भातशेतकरी व बागायतदार, ख्रिस्ती असोत वा हिंदु, याच पट्टीचे धनी होते. यावरून एक गोष्ट उघड होते. ज्या शाळेस आपण 'सरकारी' म्हणत आलों, तिच्या पायांत आपल्याच आजा-पणजाची पावली आहे.

या पट्टीनें केलेलें काम लहान नव्हे. १८८२ च्या सुमारास इलाख्यांत खात्याच्या प्राथमिक शाळांची संख्या सुमारें ३,८०० वर गेली होती व त्यांत अडीच लाखांच्या आंतबाहेर मुलें शिकत होतीं. पुष्कळ ठिकाणीं शाळेस स्वतःची इमारत नसे. चावडी, धर्मशाळा किंवा भाड्याचें घर यांवर भागे. बहुतेक गांवीं एकच मास्तर सर्व इयत्ता संभाळी. मोठीं मुलें धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेत. वर्षांतून एकदां डेप्युटी इन्स्पेक्टर येई. त्याला लोक 'दिपोटी' म्हणत, आणि तो येणार म्हटलें कीं शाळा सारवून निघे. जो मुलगा मराठी इयत्ता पुऱ्या करून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उतरे, त्याला मास्तराची वा तलाठ्याची वाट मोकळी होई.

मात्र पट्टी देणारा एक आणि शिकणारा दुसरा, ही स्थिति फार दिवस टिकली. आषाढांत लावणी सुरू झाली कीं शेतकऱ्याचा मुलगा चिखलांत उभा, कापणीच्या वेळीं तो खळ्यावर, एरवीं गुरांमागें. घरांतील कामाचे दोन हात शाळेस देणें म्हणजे आणखी एक पट्टी भरण्यासारखेंच होतें. मुलीचा तर प्रश्नच निघत नसे. अस्पृश्य मानलेल्या समाजाची अवस्था याहूनही कठीण होती. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यांत आला. त्यावरून वाद होऊन, केवळ सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्वांस खुल्या असाव्यात असें धोरण जाहीर झालें. तें कागदावर राहिलें. पुष्कळ शाळांत हीं मुलें दाराबाहेर वा निराळ्या कोपऱ्यांत बसविलीं जात. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत श्री. सी. के. बोले यांचा सार्वजनिक स्थळें खुलीं करण्याविषयींचा ठराव संमत झाला. त्यांत शाळांचाही उल्लेख करावा लागला, यांतच सर्व आलें.

हें वैगुण्य ज्यांनीं सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडलें ते जोतीराव फुले होत. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं त्यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन ठेवलें. रयतेच्या श्रमांतून येणारा सरकारी महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर अवाजवी प्रमाणांत खर्च होतो, आणि ज्यानें तो दिला तो कोरडा राहतो, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षकांस चांगला पगार द्यावा, शेतकरी वर्गांतूनही शिक्षक तयार करावे, आणि शेतकी व आरोग्य यांचें थोडें ज्ञान शाळेंत द्यावें, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आज या मागण्या साध्या वाटतात. त्या पदरीं पडावयास किती काळ लागला, तें पुढें दिसेलच.

१८८४ च्या कायद्यानें जिल्हा लोकल बोर्डें व तालुका लोकल बोर्डें स्थापन झालीं आणि पट्टीचा पैसा व खेड्यांतील शाळा त्यांच्या हवालीं झाल्या. 'बोर्डाची शाळा' हें नांव तेव्हांपासूनचें. देखरेख व अभ्यासक्रम खात्याकडेच राहिले. बोर्डांत लोकांचे निवडलेले सभासद असले तरी मताचा अधिकार थोड्यांस होता. त्यामुळें ज्याची पावली त्याचा शब्द असें झालें नाहीं.

सक्तीचा प्रश्न प्रथम संस्थानांनीं हातीं घेतला. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीचा प्रयोग केला व १९०६ सालीं तो सर्व राज्यास लागू केला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचें पाऊल उचललें. ब्रिटिश मुलखांत नामदार गोखले यांनीं १६ मार्च १९११ रोजीं वरिष्ठ कौन्सिलांत आपलें बिल मांडलें. त्या सालच्या शिरगणतींत हिंदुस्थानांत साक्षर शेंकडा सहांच्या आंत होते. पुरुषांत हें प्रमाण सुमारें दहा, तर स्त्रियांत सुमारें एक होतें. असें असूनही १९१२ सालीं तें बिल १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेंटाळलें गेलें. आमच्या दप्तरांतील क्रुसाच्या खुणा इतक्या उशिरांपर्यंत कां टिकल्या, याचें उत्तर या आंकड्यांत आहे.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. डॉ. र. पु. परांजपे शिक्षणमंत्री असतांना १९२३ सालीं मुंबई इलाख्यांत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला व शाळांचा कारभार बोर्डांच्या शाळासमित्यांकडे आला. सक्तीची मुभा मिळाली, पण पैशाअभावीं ती फारशी अमलांत आली नाहीं. १९४७ च्या कायद्यानें जिल्हा स्कूल बोर्डें व सक्ती यांची नवी घडी बसली. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या आणि बोर्डाची शाळा जिल्हा परिषदेची झाली. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क कायद्यानें मिळाला. फुल्यांच्या निवेदनापासून या दिवसापर्यंत १२७ वर्षें गेलीं.

हा इतिहास ज्युबिलीच्या पुस्तिकेंत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें. घरोघरीं भेटीस गेलों असतां 'फादर, त्या शाळेंत आतां कोण जातो?' हें वाक्य आम्हीं अनेकदां ऐकतों. आईबापांनीं आपल्या मुलासाठीं इंग्रजी शाळा निवडावी, यास आमची हरकत नाहीं. तो त्यांचा अधिकार आहे. परंतु बोर्डाची शाळा ही दुसऱ्या कोणाची तरी आहे, ती ओस पडली तरी आपलें कांहीं जात नाहीं, ही समजूत मात्र खोटी आहे. आजही त्या शाळेंत मुलें बसतात. वीटभट्टीवरील, मजुरीवरील, पाड्यावरील घरांची तीं मुलें आहेत. ज्या जागीं एके काळीं आमच्या पूर्वजांचीं मुलें पोहोंचूं शकलीं नाहींत, त्या जागेसाठीं आज तीं धडपडत आहेत. पट पडला म्हणून ती शाळा बंद झाली, तर त्यांस दुसरी वाट नाहीं.

२०१० सालीं अमलांत आलेल्या याच कायद्यानें अशा प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे निदान तीन-चतुर्थांश सभासद आईबाप अथवा पालक असावे लागतात व एकंदरींत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पट्टी भरणाऱ्यास पूर्वीं जो शब्द मिळाला नाहीं, तो आतां कायद्यानें मिळाला आहे. तरी ज्यांचीं मुलें त्या शाळेंत आहेत त्यांनीं समितीच्या सभेस जावें. ज्यांचीं नाहींत त्यांनींही छप्पर गळतें काय, मास्तर पुरेसे आहेत काय, मुलींची सोय आहे काय, याची आस्थेनें विचारपूस करावी. शेजाऱ्यावर प्रीति करावी असें आपण दर रविवारीं ऐकतों. त्या शेजाऱ्याचें मूल आपल्या फाटकासमोरून दप्तर घेऊन जात असतें.

गेल्या महिन्यांत एका लग्नाची नोंद करतांना वधूच्या आजीनें आपणही साक्षीदार म्हणून सही करणार असा आग्रह धरला. बोर्डाच्या शाळेंत ती दुसऱ्या इयत्तेपर्यंत गेली होती. तिनें सावकाश, एकेक अक्षर पाहून, आपलें पूर्ण नांव लिहिलें. ज्या अनाम शेतकऱ्यांच्या पावलीनें हें अक्षर तिच्यापर्यंत पोहोंचलें, त्यांस प्रभु चिरशांति देवो, आणि त्यांनीं घातलेल्या पायाचें रक्षण करण्याची बुद्धि आम्हां सर्वांस देवो, हीच या ज्युबिलीच्या दिवशीं आमची प्रार्थना.