व्हायोलिन बेस गिटार घ्यायचीय? स्वस्त कॉपी आणि योग्य अ‍ॅम्प कसा निवडायचा

बीटल्सच्या जुन्या व्हिडिओत पॉल मॅकार्टनीच्या हातात व्हायोलिनसारखी दिसणारी बेस गिटार तुम्ही नक्की पाहिली असेल. ती आवडते, पण जर्मनीत बनलेल्या मूळ मॉडेलची किंमत पाहिली की आपण गपचूप मोबाइल बाजूला ठेवतो. मग पुढचा प्रश्न येतो, "स्वस्त कॉपी घेतली तर चालेल का? आणि अ‍ॅम्प कोणता?"

या लेखात आपण तेच पाहणार आहोत. माझं मत आधीच सांगतो: कॉपी चालते. पण सगळे पैसे बेसवर घालवू नका. तारा, सेटिंग आणि अ‍ॅम्प यांच्यासाठी पैसे राखून ठेवा, कारण अर्धा आवाज तिथूनच येतो.

व्हायोलिन बेस म्हणजे नक्की काय?

व्हायोलिनच्या आकाराची इलेक्ट्रिक बेस पहिल्यांदा आणली ती अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने, १९५३ मध्ये. तिचं शरीर भरीव महोगनी लाकडाचं होतं. पुढे जर्मनीत वॉल्टर होफनर यांनी पोकळ शरीराचा बेस तयार केला आणि १९५६ च्या फ्रँकफर्टच्या संगीत प्रदर्शनात तो लोकांसमोर आला. हाच तो होफनर ५००/१. आज ज्याच्या कॉप्या मिळतात, तो बहुतेक वेळा हाच.

मॅकार्टनीने आपला पहिला होफनर १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतला. का? कारण तो स्वस्त होता! फेंडर परवडत नव्हता आणि हा साधारण ३० पौंडांत मिळत होता. दुसरं कारण म्हणजे तो डावखुरा. दोन्ही बाजूंनी सारखा आकार असल्यामुळे हा बेस उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. हाच बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला आणि तब्बल ५१ वर्षांनी सापडून पुन्हा त्याच्याकडे आला. म्हणजे जी वस्तू आज "व्हिंटेज" म्हणून मिरवते, ती मुळात कमी बजेटमधलीच खरेदी होती. त्यामुळे कॉपी घेताना लाजायचं काही कारण नाही.

त्या आवाजाचं गुपित

तो गोल, "ढुम्म" आवाज मुख्यतः तीन गोष्टींमुळे येतो:

- पोकळ शरीर: वर स्प्रूस आणि मागे-बाजूला मेपल लाकूड, आत पोकळी. मी हा बेस पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वजनानेच चकित झालो. नेहमीच्या भरीव बेसपेक्षा तो खूपच हलका लागतो.
- छोटी स्केल: नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ३० इंच, म्हणजे सुमारे ७६ सेंमी. नेहमीच्या फेंडर बेसला ती ३४ इंच असते. त्यामुळे इथे तारा सैल लागतात, फ्रेट जवळजवळ असतात आणि बोटं कमी ताणावी लागतात.
- फ्लॅटवाउंड तारा: यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. खरखर कमी आणि आवाज मऊ.

यातली तिसरी गोष्ट कोणत्याही कॉपीवर बदलता येते. स्वस्त कॉपीवर अनेकदा राउंडवाउंड तारा असतात आणि आवाज चरचरीत येतो. लोक म्हणतात, "कॉपी बेकार आहे." खरं तर तारा बदलल्या की बराचसा फरक भरून निघतो.

कॉपी निवडताना कोणते पर्याय?

१. होफनरच्याच स्वस्त मालिका: इग्निशन ही सर्वात स्वस्त आणि कंटेम्पररी ही तिच्या वरची. कंटेम्पररीच्या आत लाकडाचा ठोकळा असतो. त्यामुळे सूर जास्त वेळ टिकतो आणि फीडबॅक कमी होतो, पण पूर्ण पोकळ बेसचा हवेशीरपणा थोडा कमी होतो.

२. एपिफोन व्हायोला: एपिफोन ही गिब्सनच्या मालकीची कंपनी. दिसायला हा बेस होफनरच्या जवळ जातो, पण स्केल ३०.५ इंच आणि पिकअप वेगळे. आवाज छान आहे, पण हुबेहूब होफनर नाही.

३. दुकानांच्या घरच्या ब्रँडच्या कॉप्या: उदा. जर्मनीतल्या थोमान दुकानाचा हार्ली बेंटन बीटबेस. किंमत कमी, पण एका पीसपासून दुसऱ्या पीसमध्ये फरक पडू शकतो. परदेशातून मागवताना वाहतूक आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब करा. परत पाठवायचा खर्चही आधी विचारा.

एक बारीक मुद्दा: मॅकार्टनीच्या १९६१ च्या बेसमध्ये दोन्ही पिकअप नेकच्या बाजूला जवळजवळ आहेत. १९६३ च्या बेसमध्ये एक पिकअप ब्रिजकडे सरकलेला आहे, त्यामुळे आवाजात जास्त विविधता मिळते. फोटो झूम करून ही जागा पाहा आणि मग ठरवा.

हातात घेतल्यावर काय तपासायचं?

मी कॉपी तपासतो तेव्हा हा क्रम पाळतो. यासाठी मोबाइलमधलं फुकट ट्यूनर अ‍ॅप पुरेसं आहे.

- ब्रिजची जागा: यात ब्रिज स्क्रूने बसवलेला नसतो, तो फक्त तारांच्या दाबाने उभा राहतो. आधी मोकळी तार ट्यून करा, मग तीच तार १२ व्या फ्रेटवर दाबून वाजवा. अ‍ॅपवर तोच सूर अचूक दिसायला हवा. चढा आला तर ब्रिज नेकपासून थोडा लांब सरकवा, उतरा आला तर जवळ आणा. सरकवण्याआधी तारा जरा सैल करा.
- नेक सरळ आहे का: तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. मध्ये कागदाएवढी फट ठीक. मोठी फट दिसली तर नेक वाकलेला आहे. तो ट्रस रॉडने सुधारतो का, हे जाणकाराला विचारा.
- नेकचा जोड: शरीराला नेक जिथे चिकटतो तिथे भेग दिसली तर तो पीस सोडून द्या.
- स्विच: वरच्या पट्टीवर तीन सरकते स्विच असतात. त्यातला रिदम-सोलो स्विच "रिदम"वर असेल तर आवाज कमी होतो. नवीन बेस बिघडलाय असं समजण्याआधी तो एकदा पाहा. स्विच सरकवताना खूप करकर आवाज आला तर आतली वायरिंग तपासून घ्यावी लागेल.
- पट्टा लावून उभे राहा: शरीर हलकं असल्यामुळे नेकचं टोक खाली झुकतं. रुंद, खरखरीत पट्टा घेतला की हा त्रास बराच कमी होतो.

तारा घेताना हे विसरू नका

"शॉर्ट स्केल" असं लिहिलेला कोणताही सेट बसेलच असं नाही. या बेसला ब्रिजच्या मागे वेगळा टेलपीस असतो, त्यामुळे तार जास्त लांब लागते. टेलपीसपासून नटपर्यंत टेपने मोजा आणि मगच ऑर्डर द्या. पिरॅमिड आणि ला बेला या कंपन्या खास या बेससाठी सेट बनवतात. तारा बदलताना एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज जागेवरून निघून येईल.

आता अ‍ॅम्प

बेसच्या सर्वात जाड तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, तर साध्या गिटारच्या जाड तारेचा ८२ हर्ट्झचा. म्हणजे बेसच्या अ‍ॅम्पला बरोबर एक सप्तक खाली जावं लागतं. गिटारच्या अ‍ॅम्पवर हळू आवाजात सराव चालेल, पण आवाज वाढवला तर त्याचा स्पीकर फाटू शकतो. म्हणून बेससाठी बेसचाच अ‍ॅम्प घ्या.

किती वॅट हवेत?

- फक्त घरी सराव: १५ ते २५ वॅट, ८ इंची स्पीकर. हेडफोनचं सॉकेट हवंच, नाहीतर शेजारी दार वाजवतील. उदा. फेंडर रंबल २५.
- मित्रांसोबत हळू वाजवणं: ४० वॅट, १० इंची स्पीकर. उदा. रंबल ४०. याला साउंड सिस्टिमकडे जाणारा लाइन आउटही आहे.
- ड्रमसोबत बँड: किमान १०० वॅट, १२ इंच किंवा मोठा स्पीकर.

लक्षात ठेवा, वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे २५ ऐवजी ३० वॅटसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

पोकळ बेस मोठ्या आवाजात घुमायला लागतो, यालाच फीडबॅक म्हणतात. अशा वेळी अ‍ॅम्पपासून दोन पावलं दूर आणि थोडं बाजूला उभे राहा, बेसचं बटण कमी करा. मी सुरुवातीला बेस मध्यापेक्षा किंचित खाली, मिड थोडा वर आणि ट्रेबल कमी ठेवतो.

अमेरिकेतल्या मामा-काकांकडून अ‍ॅम्प मागवणार असाल तर सावधान! तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेलं व्होल्टेज वाचा. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प इथे थेट लावला तर जळेल.

मोबाइलवर डेमो पाहताय?

मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून बेसचे खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. मग सगळे बेस सारखेच पातळ वाटतात. म्हणून डेमो हेडफोन लावूनच ऐका आणि तारा कोणत्या आहेत ते व्हिडिओत सांगितलंय का पाहा. मोबाइललाच अ‍ॅम्प बनवायचं असेल तर छोटा ऑडिओ इंटरफेस आणि वायरचा हेडफोन वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, ताल चुकतो.

नेहमीचे प्रश्न

नवशिक्याने हा बेस घ्यावा का? हो. छोटी स्केल आणि कमी वजन सुरुवातीला सोयीचंच आहे. पण मेटल किंवा जोरदार स्लॅप वाजवायचं असेल तर भरीव बेस बघा.

डावखुऱ्याने उजवा बेस उलटा धरला तर? आकार साथ देतो, पण तारांचा क्रम बदलायला नट आणि ब्रिज बदलावा लागतो. डावखुरं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या.

बजेट कसं वाटायचं? मी १०० रुपयांपैकी ५५ बेसला, ३० अ‍ॅम्पला आणि १५ तारा, सेटिंग, केबल, पट्ट्याला ठेवीन.

थोडक्यात, हेडस्टॉकवरचं नाव ऐकू येत नाही. सरळ नेक, जागेवर बसलेला ब्रिज, फ्लॅटवाउंड तारा आणि बेसचाच अ‍ॅम्प, एवढं जमवलं तर तुमची कॉपीही छान वाजेल.