शकुंतलेची थांबलेली स्टेशनं

यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वेला आपल्या भागात कुणी कंपनीच्या नावानं ओळखलं नाही. लहानथोर सगळ्यांसाठी ती 'शकुंतला'. लासिना, लिंगा, लाडखेड ही तिची आडगावची स्टेशनं. आज तिथं गाडी येत नाही, रुळांवर गवत माजलं आहे. विहाराच्या या स्मरणिकेत त्या स्टेशनांविषयी चार शब्द लिहावेत असं आम्हाला वाटलं, कारण मुलं विचारतात, "इथं खरंच गाडी यायची का?"

यायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं हा मार्ग बांधला तो माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. वऱ्हाडचा पांढरा माल मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि पुढे बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यांना. रूळ अवघे अडीच फूट रुंद, म्हणून मूर्तिजापूरला प्रत्येक गठाण उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावी लागे. त्या गठाणींचा हिशेब कंपनीच्या वह्यांत राहिला, उचलणाऱ्या पाठींचा कुठेच नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र कंपनीच्याच मालकीची राहिली. चालवायची मध्य रेल्वे. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होतं. मग डिझेल आलं. पुढे माणसं इतकी कमी केली की लहान स्टेशनांवर गार्डच तिकीट देई. चाल अगदी मंद. पण भाडं एसटीपेक्षा पुष्कळ कमी. म्हणून मजूर, भाजीवाल्या बाया, बाजाराला निघालेले म्हातारे, सगळे तिच्यातच. ज्याच्या खिशात कमी, त्याचीच ती गाडी.

2016 साली रुंदीकरणाची घोषणा झाली. पण जुन्या शकुंतलेची शिटी मात्र बंद झाली ती झालीच.

स्टेशन पडलं की त्याच्या भिंती कुणी ना कुणी उचलून नेतो. आठवणी मात्र म्हाताऱ्यांबरोबर जातात. आपल्या घरात कुणी गँगमध्ये रूळ ठोकले असतील, कुणी गठाणी वाहिल्या असतील, कुणी रुपया-दोन रुपयांच्या तिकिटावर दवाखाना गाठला असेल, तर या आठवड्यात त्यांच्यापाशी बसा. नाव, गाव, साल वहीत लिहून घ्या. इंग्रजानं आपला हिशेब ठेवला नाही. तो आता आपणच ठेवायचा आहे.