अठरा महिन्यांचा मुक्काम

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण 'आश्रय' या शब्दापाशी थांबलो होतो. आज त्याचा धाकटा भाऊ घेऊ, 'तात्पुरता आश्रय'. आमचं सगळं कुतूहल आहे ते त्या 'तात्पुरता' या विशेषणाबद्दल. तात्पुरता, पण कुणाच्या घड्याळाप्रमाणे?

सुरुवात कांटपासून करतो; जुनी सवय, जात नाही. १७९५ साली शाश्वत शांततेवर लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेत कांटने परक्या माणसाचा एक हक्क मांडला. तो पाहुणचाराचा हक्क नाही, हे तो स्वतःच स्पष्ट करतो. तो फक्त भेटीचा हक्क आहे. दारात आलेल्या परक्याला परत पाठवता येईल, मात्र त्यामुळे त्याचा नाश ओढवणार नसेल तरच. एवढं सांगून कांट थांबला. भेट किती दिवसांची, आणि नाशाची भीती वीस वर्षं टिकली तर काय, याचं उत्तर त्याच्याकडे मिळत नाही.

ते उत्तर अमेरिकेने कसं शोधलं ते पाहू. एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश, आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटसुद्धा नाही. १७ मार्च १९८० रोजी अमेरिकेत निर्वासितांचा नवा कायदा झाला, आणि बरोबर आठवड्याने, २४ मार्चला, साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घालून मारण्यात आलं. पुढे बारा वर्षं यादवी युद्ध चाललं. सुमारे ७५,००० माणसं मेली. लाखो लोक उत्तरेकडे निघाले.

नव्या कायद्याची व्याख्या मात्र अरुंद होती. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी तुमचा छळ होत असेल, तर तुम्ही निर्वासित. गावावर बॉम्ब पडतायत म्हणून पळालेली बाई यात बसत नाही. बॉम्ब तिच्या मतामुळे पडलेला नसतो. शिवाय साल्वादोरच्या सरकारला शस्त्रं आणि पैसा अमेरिकाच पुरवत होती. या लोकांना निर्वासित म्हणायचं म्हणजे आपला मित्र माणसं मारतो हे कबूल करायचं. त्या काळात साल्वादोरच्या शंभर अर्जांत तीनही मंजूर होत नव्हते.

याआधीही अमेरिकी सरकार काही देशांच्या लोकांची हद्दपारी तात्पुरती थांबवत असे. पोलंड, इथिओपिया, युगांडा यांना ती सवलत मिळाली होती. पण तो राजाचा प्रसाद. हात पुढे केला तर मिळेल, नाही तर नाही. साल्वादोरच्या लोकांना नाही मिळाला. मग २४ मार्च १९८२ला, रोमेरोंच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरातल्या एका चर्चने जाहीर केलं की आम्ही या लोकांना थारा देणार. हळूहळू देशभर अशी शेकडो देवळं, म्हणजे चर्चेस आणि सिनेगॉग, उभी राहिली. सरकारने खबरे पेरले, खटले भरले. काहींना दोषीही ठरवलं. तुरुंगात धाडलं मात्र फारच थोड्यांना. आम्हाला यात गंमत वाटते ती अशी की, हे लोक कायदा मोडतोय असं मानतच नव्हते. ते म्हणत, कायदा सरकार मोडतंय, आम्ही तो पाळतोय.

बोस्टनचे प्रतिनिधी जो मोकली यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला, आणि १९९०च्या कायद्यात 'टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस', म्हणजे टीपीएस, आलं. प्रसादाची जागा नियमाने घेतली. युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा तशीच असाधारण परिस्थिती असेल, तर सरकारने त्या देशाचं नाव सहा ते अठरा महिन्यांसाठी जाहीर करायचं. ठरलेल्या तारखेला जे अमेरिकेत आहेत त्यांची हद्दपारी नाही, कामाचा परवाना मिळेल. दुसऱ्या दिवशी पोचलेल्याला काही नाही. आणि एक कलम तर वाचण्यासारखं आहे: या लोकांना कायम वास्तव्य देणारं विधेयक सिनेटमध्ये विचारात घ्यायचं तर तीन-पंचमांश बहुमत हवं. आपल्याला उद्या दया येईल या भीतीने कायद्याने आपलेच हात आधी बांधून ठेवले!

युद्ध १९९२ला संपलं. पण १३ जानेवारी आणि १३ फेब्रुवारी २००१ला साल्वादोरमध्ये दोन मोठे भूकंप झाले, हजारावर माणसं गेली. आपल्याकडे त्यांच्या मध्ये, २६ जानेवारीला, भूज झालं होतं. म्हणून ते फारसं कुणाला आठवत नाही. मार्चमध्ये पुन्हा टीपीएस, पुन्हा अठरा महिने. मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ. जानेवारी २०१८मध्ये सरकारने जाहीर केलं की भूकंपाचं नुकसान आता भरून निघालंय, तेव्हा हे संपवू. तोवर सुमारे दोन लाख माणसं या कागदावर जगत होती. त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं त्या देशाची नागरिक होती. आईबापांची मुदत मात्र अठरा महिन्यांची. त्या वर्षी न्यायालयाने निर्णय रोखला, २०२३मध्ये तो मागे घेतला गेला.

भूकंपाचं कारण संपलं हे सरकारचं म्हणणं तर्कदृष्ट्या चूक नव्हतं, हे आम्हाला मान्य करावं लागतं. तात्पुरतं कधीच संपणार नसेल तर पुढच्या वेळी दार उघडताना देश दहा वेळा विचार करील. युरोपने २००१ साली असाच नियम केला आणि एकवीस वर्षं तो फडताळात ठेवला. मार्च २०२२मध्ये युक्रेनसाठी तो पहिल्यांदा बाहेर निघाला. आणि तात्पुरतं खरंच तात्पुरतं राहिल्याचंही उदाहरण आहे: जर्मनीत आलेले बोस्नियाचे बहुतेक लोक १९९५च्या डेटन करारानंतर काही वर्षांत निघून गेले.

तरी मायकेल वॉल्झर यांनी १९८३मध्ये मांडलेला मुद्दा टळत नाही. अथेन्समध्ये राबणारे, कर भरणारे, पण नागरिक कधीच न होणारे परदेशी त्यांनी पुढे ठेवले आणि विचारलं: ज्यांच्यावर तुमचा कायदा कायमचा चालतो, त्यांना तो करण्यात वाटा नाही, याला जुलूम नाही तर काय म्हणायचं? २०२१ साली वीसेक वर्षं टीपीएसवर राहिलेल्या एका साल्वादोरी जोडप्याचा खटला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती केगन यांनी एकमताचा निकाल लिहिला: टीपीएसने माणसाचं राहणं कायदेशीर होतं, त्याचं येणं होत नाही. म्हणजे वीस वर्षं घरात आहात, पण दारातून आलाच नाहीत.

आपलंही एक सांगून थांबतो. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका नि मुलं. युद्ध संपेपर्यंतच राहायचं, असं ठरलेलं. युद्ध संपलं तेव्हा पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली होती, आणि पुष्कळांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. त्यांतले अनेक जण ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडे गेले. छावणी रिकामी झाली आणि फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं उतरली. त्यांना आपण मुदत घातली नाही. आज ते गांधीनगर आहे. कोल्हापूरकर तिथे कपडे घ्यायला जातात.