पाटीवर नाव कोणाचे?

भंडाऱ्याहून नागपूर फार दूर नाही. त्यामुळे 'अजब बंगला' हे नाव आमच्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांना परिचित आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय ते हेच. अशा वास्तूत पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हा प्रश्न आम्हांस इथे विचारायचा आहे, कारण आमच्या जिल्ह्यातील गोंड समाज दीर्घकाळ दुसऱ्या बाजूलाच उभा राहिला.

१८६६-६७ साली जबलपूरला मध्य प्रांताचे प्रदर्शन भरले. धान्य, वस्त्रे, अवजारे यांच्या जोडीला तिथे आदिवासी माणसेही आणली गेली. त्यांच्या पाहणीसाठी नेमलेल्या समितीचा अहवाल १८६८ मध्ये नागपुरात छापला गेला. त्याच्या शीर्षकातच या माणसांना 'नमुने' म्हटले आहे. हा शब्द केवळ एखाद्या अधिकाऱ्याच्या उद्दामपणातून आला, असे मानून चालणार नाही. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथाचे आठ खंड निघाले. त्यांतील साडेचारशेहून अधिक छायाचित्रांपैकी बहुतेकांखाली व्यक्तीचे नाव नाही. जातीचे वा जमातीचे आहे. चेहरा एकाचा आणि नाव समूहाचे, अशी ती रीत होती.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील सुपिरिअर सरोवराच्या काठी, ईस्टमन जॉन्सन हा चित्रकार ओजिब्वे लोकांची चित्रे काढीत होता. १८५६-५७ मधील ही चित्रे आज डुलुथ येथे जतन केलेली आहेत. त्यांपैकी काहींवर समोर बसलेल्या व्यक्तीचे नाव नोंदलेले आढळते. चित्रकार बाहेरचाच होता आणि ओजिब्वेंची भूमी तेव्हा त्यांच्या हातून निसटत होती. हे विसरता येत नाही. तरीही नाव असले की चित्रातला माणूस कोणाचा तरी आजोबा, कोणाची तरी आजी ठरतो. वंशजाला त्याचा शोध घेता येतो. 'नमुन्या'ला वंशज नसतात.

आता आमच्या प्रदेशाकडे पुन्हा वळू. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होते. १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोचे दीर्घ गोंडी गीत आहे. ते सांगणारा परधान होता. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक, त्यांच्या वंशगाथेचे रक्षक. संग्राहकाचे नाव राहिले, संपादकाचे राहिले. ज्याच्या कंठात ते गीत होते, तो मात्र आपल्यापर्यंत 'एक परधान' एवढ्याच ओळखीने पोहोचला. साहित्याच्या अभ्यासकाने इथे थांबायला हवे, कारण 'लोकसाहित्य' या संज्ञेतला 'लोक' पुष्कळदा अशाच पुसलेल्या नावांचा बनलेला असतो.

त्या गीतात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवतो. गीतातील काचीकोपा लोहागड म्हणजेच कचारगड, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. हे स्थान सालेकसा तालुक्यात आहे. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून गोंड समाज जमतो. संग्रहालयाने ज्याची नोंद 'दंतकथा' म्हणून केली असती, ते तिथे पायी चढून जाण्याचे ठिकाण आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पारडे काहीसे फिरले. मंडला भागातील पाटणगढचा जनगढ सिंह श्याम हा परधान तरुण जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळच्या भारत भवनात आला. वाद्यावर गायिली जाणारी दैवते त्याने कागदावर उतरवली. १९८९ मध्ये त्याची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात पोहोचली आणि पुढे त्या शैलीलाच 'जनगढ कलम' म्हटले जाऊ लागले. जमातीच्या नावाखाली व्यक्ती झाकली जात होती. आता एका व्यक्तीच्या नावाने शैली ओळखली गेली. मात्र २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना, घरापासून फार दूर, त्याने आपले जीवन संपवले. भिंतीवर चित्राला जागा मिळाली म्हणजे चित्रकाराला मिळालीच, असे नव्हे.

आणखी एक पेच उरतोच. बाजारात ही चित्रे सरसकट 'गोंड कला' म्हणून विकली जातात आणि त्यामागची परधानांची गायनपरंपरा पुन्हा अदृश्य होते. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. चित्र असो वा गीत, विद्यार्थ्यांपुढे ठेवताना सांगणाऱ्याचे, काढणाऱ्याचे आणि समोर बसलेल्याचे नाव आधी विचारावे. ते सापडले तर उच्चारावे. सापडले नाही, तर ती रिकामी जागाही पाठाचाच भाग म्हणून शिकवावी.