‘स्लेव्ह’ हा शब्द तरी वेळेवर आला होता का?

संगणकाला जात नसते, मग ‘मास्टर-स्लेव्ह’ या शब्दांवर एवढा वाद कशाला, असे आमचेच आयटीतले काही मित्र विचारतात. प्रमाणके ठरून गेली, सर्व्हर त्यांवर चालतात, आता शब्द बदलायला उशीर झाला, हा त्यांचा दुसरा मुद्दा. आम्ही या ‘उशिरा’चाच इतिहास तपासला.

इंटरनेटवरच्या नावांना पत्ते जोडणाऱ्या डीएनएस व्यवस्थेचे पायाभूत दस्तऐवज, आरएफसी 1034 आणि 1035, नोव्हेंबर 1987 चे. मूळ नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला तिथे ‘मास्टर किंवा प्रायमरी’ म्हटले आहे, प्रत ठेवणाऱ्याला ‘सेकंडरी’. त्या प्रत ठेवणाऱ्याला ‘स्लेव्ह’ ठरवणारी व्याख्या येते ऑगस्ट 1996 च्या दस्तऐवजात (त्याचा क्रमांकही योगायोगाने 1996 च). म्हणजे जवळपास नऊ वर्षांनी, चालू व्यवस्थेत! तेव्हा उशीर झाला नव्हता. जानेवारी 2019 च्या आरएफसी 8499 ने आता प्रायमरी-सेकंडरी हेच शब्द रूढ असल्याचे नोंदवले. ‘मास्टर फाइल’ मात्र त्यातही शिल्लक आहेच.

बरे, ही उपमा तांत्रिकदृष्ट्याही लंगडी आहे. हा ‘गुलाम’ हुकमाची वाट पाहत नाही. ठरावीक वेळाने तोच मूळ सर्व्हरकडे अनुक्रमांक तपासतो आणि तो वाढलेला दिसला की नवी प्रत मागून घेतो. 1996 मध्ये ‘बदल झाला’ असे कळवण्याची सोय झाली, तरी प्रत मागणारा तोच राहिला.

मग ही उपमा आली कुठून? अभ्यासक रॉन एग्लॅश यांनी 2007 च्या लेखात तिचा माग 1904 पर्यंत, केप टाउनच्या वेधशाळेतल्या घड्याळापर्यंत काढला. केपमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 1834 साली. माणसे कागदावर मुक्त झाल्यावर सत्तर वर्षांनी घड्याळ गुलाम झाले.

जुन्या सेटिंग बंद पडू नयेत, ही अडचण खरी. पण रेडिसने 2018 मध्ये ‘स्लेव्हऑफ’च्या जागी ‘रेप्लिकाऑफ’ आणले आणि जुना आदेशही चालू ठेवला.

शब्द बदलला की गुलामी संपते, असे आम्ही म्हणत नाही. जानेवारी 1938 मध्ये मुंबई विधानसभेत विधेयकातून ‘हरिजन’ हे नाव लादले जात होते, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. तोही शब्दबदलच होता, वरून गोड. ज्यांना ते नाव लावायचे होते, त्यांचा विरोध सभागृहाने ऐकला नाही. ‘उशीर झाला’ म्हणणाऱ्या मित्रांनी एवढेच सांगावे, 1996 साली ‘स्लेव्ह’ लिहिताना गुलामांच्या वंशजांपैकी कुणाला विचारले होते?