दाखला आणि दाखिला

हैदराबादला माझा आतेभाऊ असतो. सगळे त्याला अण्णा म्हणतात. जन्म तिकडचाच, घरात मराठी, पण निम्मी दख्खनीत भिजलेली. जुलैत त्याचा फोन आला. "काय रे, पुतणीचा दाखिला झाला का?" मी म्हणालो, "झाला की, परवाच तहसीलमधून आणला." पलीकडून अभिनंदन सुरू. कॉलेज कुठलं, फी किती, होस्टेल मिळालं का? मला काही उमजेना. पुतणीचे तर अजून कॉलेजांचे पसंतीक्रमही भरून झाले नव्हते.

उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली. त्याचा दाखिला म्हणजे प्रवेश. माझा दाखला म्हणजे कळंबच्या सेतूत रांग लावून काढलेला कागद, सरकारी भाषेत वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. आमच्याकडे त्याला नुसतं 'नॅशनॅलिटी' म्हणतात. डॉक्टरकीच्या राज्य कोट्यातून जागा मागायची तर हा कागद आधी.

फोन ठेवला आणि किडा वळवळू लागला. एकच शब्द हैदराबादेत दार होतो आणि कळंबला त्या दाराबाहेर धरायचा कागद, हे कसं?

मूळ अरबी, द-ख-ल. अर्थ आत शिरणं. त्याच घरातली दाखल, दखल ही भावंडं, आणि कूळ कायद्याच्या भांडणांतला 'बेदखल'ही. फारसीच्या पाठीवर बसून हे शब्द दख्खनेत आले. माधव जूलियनांनी १९२५मध्ये 'फारशी-मराठी कोश' काढला तेव्हा असल्या पाहुण्यांची गर्दीच गर्दी होती. व्युत्पत्ती धरून चाललं तर 'शाळा सोडल्याचा दाखला' म्हणजे शाळा सोडल्याचा प्रवेश! रोज शेकडो हेडमास्तर त्यावर सही करतात आणि कुणाला हसू येत नाही.

यावर दुसरा एक पक्ष आहे. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी त्याचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांचं म्हणणं, अरबस्तानात कशाला जाता? दाखवायचा तो दाखला. ऐकायला झकास. पण 'दाखवणे'ला आपली नामं फुटतात ती दाखवणं, दाखवणी अशी. धातूला 'ला' चिकटवून वस्तूचं नाव करायची रीत मराठीत नाही. बोलणेपासून 'बोलला' होतो, पण तो माणूस बोलला असतो, वस्तू नव्हे. तेव्हा गुरुजींचा पक्ष व्याकरणात हरतो.

तरी मी त्यांना पुरतं हरवणार नाही, कारण अर्थाच्या बाजूला त्यांचं काहीतरी बरोबर आहे. वहीत दाखल झालेली नोंद, नोंदीचा उतारा, उताऱ्याचा कागद, इथवर सरळ वाट आहे. कन्नडही याच वाटेनं 'दाखले'पर्यंत आली. तिकडे त्याचा अर्थ दस्तऐवज. पण मराठी तिथं थांबली नाही. 'इतिहासाचा दाखला द्या' म्हणतो तेव्हा आपल्याला उदाहरण हवं असतं, कागद नव्हे. ही उडी कुणामुळे? माझं उत्तर, 'दाखवणे'मुळे. शेजारी तसाच आवाज करणारा देशी धातू नांदत होता, त्याच्या संगतीत परका शब्द वाढला. पुरावा हवा असेल तर गुजरातीत जा. तिथे 'दाखववुं' हा धातू आहे आणि 'दाखलो' म्हणजे प्रमाणपत्रही, उदाहरणही, अगदी वहीतलं गणितसुद्धा. हिंदी-उर्दूत धातू 'दिखाना', त्याचा आवाज लांबचा. म्हणून तिथे दाख़िला बिचारा उंबऱ्यातच राहिला. रक्त अरबी आणि पालनपोषण मराठी, असा माझा निकाल. गुरुजींनी तो अजून मान्य केलेला नाही.

इथवर ही करमणूक होती. खरा धक्का कागदाच्या अटी वाचताना बसला. महाराष्ट्राचा अधिवासी ठरायला राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. हा आकडा मी आधी कुठेतरी वाचला होता. हैदराबाद संस्थानच्या मुल्की नियमांत.

१९१९मध्ये सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानं हे नियम पक्के झाले. आमच्या धाराशिव जिल्ह्याला पूर्वी ज्याचं नाव होतं, तोच हा उस्मान. सरकारी नोकरी मुल्की माणसालाच. मुल्की कोण? जन्मानं संस्थानची प्रजा असलेला. किंवा ज्याच्या जन्मावेळी बाप निजामाच्या नोकरीत होता आणि त्या नोकरीला पंधरा वर्षं झाली होती असा. मुल्की माणसाची बायकोही मुल्की. आणि बाहेरचा असेल तर पंधरा वर्षं कायम राहिलेला, शिवाय आपल्या मूळ गावी परत जायचा विचार सोडला आहे असं प्रतिज्ञेवर लिहून देणारा. 'परत जायचा विचार सोडला आहे.' सरकारी नियमात इतकं हळवं वाक्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

इथे गुरुजी पुन्हा मध्ये आले. मुल्की म्हणजे मुळकी, मुळचा. नाही हो. मुल्क म्हणजे देश, आपला मुलूख तोच. मजा अशी की मुंबई इलाख्यात 'मुलकी' झाला महसुलाचा आणि नागरी कारभाराचा शब्द, मुलकी पाटील, मुलकी खातं. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, तोच झाला भूमिपुत्र. मांजरा नदीकाठच्या आमच्या गावात मुलकी म्हणजे आपला माणूस आणि बार्शीत म्हणजे वसुलीचा माणूस.

हा आपला-परका तंटा निजामानं उकरलेला नव्हे. बहमनी दरबारात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे बाहेरून आलेले, एकमेकांच्या जिवावर उठले होते. इराणातून आलेल्या महमूद गावाननं १४७२च्या सुमारास बिदरला मोठा मदरसा उभारला, त्या काळचं निवासी विद्यापीठच. १४८१मध्ये दख्खनी गटाच्या कारस्थानात त्याचं डोकं उडालं. पुढे पहिल्या सालारजंगानं कारभार सुधारायला उत्तरेकडचे शिकलेले लोक आणले. कचेरीत फारसी जाऊन उर्दू आली. १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. कळंबच्या पोराला आपल्याच मुलखात मुल्की असूनही परक्या भाषेत शिकावं लागे. याच जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली, स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे शिकवलं, ते काही उगाच नाही. १९४८च्या पोलीस कारवाईनंतर मद्रासकडचे अधिकारी आले आणि १९५२मध्ये हैदराबादेत विद्यार्थ्यांनी 'नॉन-मुल्की गो बॅक', 'इडली-सांबार गो बॅक' अशा घोषणा दिल्या. गोळीबार झाला.

१ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. माझा सिद्धांत असा, की मुल्की नियम तेव्हा मेले नाहीत, त्यांनी नाव बदललं. मराठवाड्याबरोबर हैदराबादचे कारकून आणि अधिकारी मुंबईच्या सेवेत आले, त्यांच्याबरोबर त्यांच्या सवयी आल्या. पंधरा वर्षं आणि लग्नानं मिळणारा हक्क, दोन्ही खुणा आजच्या डोमिसाईलमध्ये सापडतात.

एका वकील मित्रानं यावर पाणी ओतलं. पंधरा हा कारकुनांचा आवडता आकडा आहे, म्हणाला. जम्मू-काश्मीरनं २०२०मध्ये अधिवासाला पंधराच वर्षं ठेवली, तिथं कुठला निजाम होता? शिवाय 'डोमिसाईल' हा शब्दच चुकीचा. १९८४च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी बजावलं होतं, की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा नसतो, असतो तो फक्त रहिवास. हे मला मान्य. पण आकडा आवडायलाही कुणीतरी आधी वाढावा लागतो.

एका जागी मात्र माझी वंशावळ घट्ट बसते. नागपूर करारात, २८ सप्टेंबर १९५३ला, मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यायचं ठरलं. तेच संविधानाच्या कलम ३७१(२)मध्ये उतरलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात तांत्रिक शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांची न्याय्य व्यवस्था. हेच तीन तुकडे पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या सत्तर-तीस सूत्रात दिसले. सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, तीस टक्के साऱ्या राज्याला.

सत्तर हा आकडा कुठून? इथे मला परका बाप कबूल करावा लागतो. प्रदीप जैन निकालातच स्थानिकांसाठी जास्तीत जास्त सत्तर टक्के ही मर्यादा आली आणि उरलेले तीस देशाला खुले ठेवायला सांगितले. पुढे तो देशाचा वाटा पंधरावर आला. (पुन्हा पंधरा! वकील मित्र यावर नुसता हसला.) दिल्लीतल्या निकालातला आकडा आणि नागपूर करारातला नकाशा, या दोघांचं लेकरू म्हणजे सत्तर-तीस, असं मी छातीठोक म्हणतो.

लेकरू निघालं मात्र वेगळंच. मराठवाड्यात तेव्हा मेडिकल कॉलेजं मोजकी. सरकारी म्हणाल तर औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर. धाराशिवला कॉलेज यायला २०२२ उजाडलं. लातूरच्या क्लासांतून मार्क मिळवणारी पोरं ढीगभर, जागा थोड्या. कुंपण मराठवाड्याच्या राखणीसाठी घातलं होतं, आणि पुण्या-मुंबईच्या सत्तर टक्क्यांबाहेर मराठवाड्याचीच पोरं उभी राहिली. त्यातही गंमत बघा, विभाग ठरायचा तो बारावी कुठून केली त्यावरून. येरमाळ्यावरून पुढे बार्शीला जाऊन बारावी करणारा कळंबचा पोरगा एका रात्रीत 'उर्वरित महाराष्ट्र' व्हायचा. बार्शी इंग्रजांची, कळंब निजामाचं. १९५६ला पुसलेली मोगलाईची हद्द प्रवेशाच्या फॉर्मवर जशीच्या तशी हजर!

सप्टेंबर २०२०मध्ये वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुखांनी सत्तर-तीस रद्द केलं, माणूस लातूरचाच. त्याच वर्षी ३० एप्रिलला कलम ३७१(२)खालच्या विकास मंडळांची मुदत संपली होती. एकाच वर्षात नकाशाही गेला आणि आकडाही. निजामाच्या कचेरीचा कागद मात्र चिवट. सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी दाखल्यांसाठी सरकारनं हैदराबाद गॅझेटियर ग्राह्य धरलं, आणि पुन्हा जुन्या नोंदींपुढे रांगा लागल्या.

हे सगळं अण्णाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्याकडं अजून पंधरा चालतंय? आमच्याकडं चार." खरंच, तेलंगणात कॉलेज प्रवेशाला स्थानिक ठरायला सलग चार वर्षांचं शिक्षण धरतात. मुल्की नियम तिथे १९७३पर्यंत जगले, संसदेनं कायदा करून ते काढले. ज्या गावात पंधराचा जन्म झाला, तिथून तो गेला.

अण्णाचे वडील कळंबचे, जन्मानं मुल्की. नोकरीला हैदराबादला गेले आणि १९५६ची रेघ मधोमध पडली. त्यांना परतीच्या विचाराबद्दल कुणीच काही लिहून घेतलं नव्हतं.

सप्टेंबरात मी अण्णाला पुन्हा फोन केला. या खेपेला त्याचाच शब्द वापरला. "दाखिला झाला. अंबाजोगाईला, मांजरेच्या पलीकडं."

"आणि तो तुझा दाखला? लागला का?"

"लागला ना. मूळ प्रत कॉलेजनं जमा करून घेतली."