कुत्रा, मांजर आणि आपण : एका अभ्यासविषयाची ओळख

पाळीव कुत्रा जास्त धोक्याचा की मांजर, असे विचारले की बहुतेक जण ‘कुत्रा’ म्हणून मोकळे होतात. उत्तर चुकीचे नाही. जगात दरवर्षी रेबीजने सुमारे ५९,००० माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतले जवळपास एक तृतीयांश मृत्यू भारतातले, आणि माणसाला होणारा रेबीज ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यामुळेच होतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लस न टोचलेला मोकाट कुत्रा आणि वेळच्या वेळी लस घेणारा घरचा कुत्रा यांचा हिशेब एकाच वहीत कसा मांडणार? ही वही वेगळी करायला बसलो की आपला विषय सुरू होतो. पशुवैद्यक, डॉक्टर, आशाताई, प्राणी पाळणारी माणसे, सगळ्यांना इथे जागा आहे.

आधी चावा पाहू. कुत्र्याचा जबडा मांस चिरडतो, फाडतो. ती जखम पाहून कोणीही दवाखाना गाठतो. लहान मुलांना तर ती बहुधा चेहऱ्यावर किंवा मानेवर होते, आणि चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचाच असतो. मांजर चावले तर बोटाच्या पेरावर टाचणीने टोचल्यासारखी दोन भोके दिसतात, रक्त जेमतेम थेंबभर. पण ते बारीक सुळे कंडरेपर्यंत, कधी सांध्यापर्यंत पोचलेले असतात. वरची कातडी मिटते आणि पाश्चुरेला जिवाणू आत कोंडले जातात. दुसऱ्या दिवशी बोट लालबुंद, सुजलेले. मूठ वळत नाही. चावे कुत्र्यांचे जास्त, चिघळण्याचे प्रमाण मांजराच्या चाव्यात जास्त. आकडे वाचताना हा फरक सुटला, की निष्कर्षही सुटलाच म्हणून समजा.

काही धोक्यांना दातनखे लागतच नाहीत. अमेरिकेतल्या २००१ ते २००६ या काळातल्या नोंदींवरून, कुत्र्यामांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांचा अंदाज वर्षाला ८६,००० हून अधिक निघाला. त्यात कुत्र्यांचा वाटा मांजरांच्या सातपटीहून जास्त. ॲलर्जीत मांजर पुढे, तर यकृतात हायडॅटिड गाठी करणारा फीतकृमी कुत्र्याचा.

टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण त्यापायी दिवस राहिलेल्या सुनेचे मांजर घराबाहेर काढले जाते. एवढे टोक गाठायची गरज नाही. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, काही आठवडे या परजीवीची बीजे विष्ठेतून टाकते, आणि ती संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. वाळूची पेटी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी रोज साफ केली, की तो धोका पुष्कळ उतरतो. अर्धकच्चे मांस आणि न धुतलेली भाजी यांकडे तेवढेच लक्ष हवे.

या विषयात येणाऱ्याने एक काम आजपासून करावे : शेजारीपाजारी सांगावे की चाव्याच्या जखमेवर हळद, चुना, मिरची लावू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि थेट दवाखान्यात जा. रेबीजसाठी पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांचे दिवस कधीच गेले. आता मोजकीच इंजेक्शने, तीही दंडात. आणि मांजराने बोचकारून रक्त आले, तरी रेबीजची लस घ्यावी लागू शकते.